पहिली ओंजळ

गंगाधरराव : ते कासव आधी उचल तिथून.

नानासो : न्हाई उचलत.

गंगाधरराव : नानासो, दहा वाजता बागस्पर्धेचे परीक्षक येतायत. अख्ख्या विश्रामबागेत असं लॉन नाही, आणि त्याच्या मधोमध मेलेलं कासव? कुणी ठेवलं ते?

नानासो : मीच ठेवलं. सकाळी हिरीत उलटं तरंगत हुतं. बाईसाबांनी सोडल्यालं त्ये. बारा वर्सं तिथंच ऱ्हायलं, कुनाच्या अध्यात न्हाई का मध्यात न्हाई.

गंगाधरराव : म्हातारं झालं असेल.

नानासो : आन बेडकं? ती बी सगळी येकदमच म्हातारी झाली व्हय? बादलीभर काढल्यात. आनू का हितं, परीक्षकास्नी दावाया?

गंगाधरराव : आवाज खाली! माळी आहेस तू माझा, विसरू नकोस.

नानासो : माळी हाय म्हनूनच इचारतो. दिवाळीला मी चार दिस आटपाडीला गेलतो. मागनं तुमी लॉनवर काय टाकलंसा?

गंगाधरराव : मुळं खाणारी हुमणी अळी लागली होती. पिवळे चट्टे पडायला लागले होते. हुमणीचं दाणेदार औषध टाकलं, वरून युरिया दिला. झालं?

नानासो : उकिरड्यात चार पिशव्या घावल्या. तेवढ्यात उसाचा फड भागतो, साहेब. तुमचं लॉन केवढं?

गंगाधरराव : तुझी निंबोळी पेंड आणि लेंडीखत घालत बसलो असतो, तर पुढच्या दिवाळीला हिरवळ आली असती. वास मात्र सगळ्या कॉलनीला लगेच गेला असता.

नानासो : वास जातो चार दिसांत. आन औषध टाकून दिसभर पाइप सोडलासा, त्ये पानी कुठं गेलं? उतार कुनीकडं हाय हितला?

गंगाधरराव : मला उतार शिकवतोस? पस्तीस वर्षं कालवे काढलेत मी या जिल्ह्यात.

नानासो : मग हिरीकडंची कर्दळ का उपटाया लावलीसा? बाईसाबांनी मुद्दाम लावलीवती ती. लॉनचं पानी तिथं अडायचं, गाळ धरायचा, निवांत मुरायचं. आता सगळं धो धो हिरीत.

गंगाधरराव : फाटकातून लॉन दिसत नव्हतं त्या कर्दळीमुळं. आणि बायको गेली माझी, प्रमोदिनीचं नाव पुन्हा मधे आणू नकोस. सांगून ठेवतो.

नानासो : आनल्याबिगर भागतंय व्हय? माधवनगरातनं, एसटीडी बूथवरनं माझ्या भावाचा, अर्जुनाचा फोन आलता. दुपारपातुर हितं पोचतोय. दीडशे मेंढरं हायती संगं, निम्म्या गाभण्या. दर साली हितल्या हौदावरच पाजतो त्यो. बाईसाबांचा शबुद हाय.

गंगाधरराव : मग मी कधी नाही म्हटलं? येऊ दे. हौद भर.

नानासो : ह्या पान्यानं?

गंगाधरराव : पाण्याला काय झालंय? बघ, तळ दिसतोय. लॅबोरेटरीत तपासलंस का? उगाच आपलं उचलली जीभ, लावली टाळ्याला.

नानासो : तपासायची आमची येक रीत हाय. तुमास्नी ठावं हाय ती. पाजनाऱ्यानं पयली ओंजळ प्यायाची, मग मेंढरानं. बाईसाब दर साली प्यायच्या. ही बादली. आत्ताच शेंदलीया.

गंगाधरराव : नाटकं बंद कर.

नानासो : येक ओंजळ प्या. मी कासव उचलतो, चूक झाली म्हनून तुमचं पाय धरतो, आन हौद भरतो. मी खोटा, तुमी खरं. वाका की!

(गंगाधररावांनी तिरिमिरीत ओंजळ भरली. पाणी नितळ होतं, गार होतं, प्रमोदिनीबाई प्यायच्या तसंच दिसत होतं. त्यांनी ते ओठांपर्यंत नेलं. परक्याच्या विहिरीचं असतं तर एक वेळ प्यायलेही असते. पण त्या चार पिशव्या त्यांनी स्वतःच्या हातांनी फोडल्या होत्या. बोटांतून पाणी गळून गेलं, तरी ओंजळ तशीच राहिली.)

नानासो : सांडलं साहेब.

गंगाधरराव : मी... मी नळाचं पितो हल्ली.

नानासो : व्हय. मेंढरास्नी नळ न्हाई.

गंगाधरराव : पुरे! ओतून टाक ती बादली.

नानासो : कुठं ओतू? लॉनवर? तिथनं फिरून हिरीतच जानार.

गंगाधरराव : फाटक वाजलं. ते लोक आले. नानासो, आता तरी कासव उचल, हात जोडतो.

नानासो : तुमीच उचला. तुमचंच हाय त्ये.

गंगाधरराव : बरं. उचलतो. तू जा, अर्जुनाला वाटेत गाठ. मेंढरं कृष्णेवर ने म्हणावं.

नानासो : का म्हनून इचारल त्यो.

गंगाधरराव : सांग... विहीर आटली यंदा.

नानासो : खोटं न्हाई सांगायचो. हिरीत पानी लय हाय म्हनंन. पयली ओंजळ प्यायाला कुनी ऱ्हायलं न्हाई.