नऊ मिनिटांची ओळ

...आणि वरून घरचे मलेच म्हणतात, तू त्या फोनले हात लावत जाऊ नको. आता तुम्हीच सांगा बायांनो, यात माझं काय चुकलं?

तुम्हाले सांगते, ते टूल मी मागितलंच नव्हतं. आमची अनुजा बास्केटबॉल खेळते, रायपूरले स्पर्धा होती, निवडणारे लोक येऊन बसणार, नाव लागलं तर खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत नोकरी. मग आईच्या जिवाले चैन पडते का? दर मॅच झाली की मी फोन करायची, जेवली का, गुडघा दुखून राहिला का, किती पॉइंट केले. तर बाई वैतागली. "आई, बार बार मत पूछ ना. हे टूल टाकून देते तुझ्या फोनमध्ये. माझं नाव लिही, बटण दाब, एकेका मॅचची एकेक ओळ येते. मिनिटं, पॉइंट, फाउल, सगळं."

बरं. मी देवापुढं पाट मांडला, पाटावर फोन ठेवला, कुंकवाचं बोट लावलं आणि लिहिलं, चि. अनुजा. तर ते म्हणते, असा खेळाडू सापडला नाही. म्हटलं, बापाचं नाव लागत असन, चि. अनुजा धनंजय लिहिलं, तरी नाही. शेवटी आमचे हे आले, चष्मा कपाळावर, हातात अर्धी पोळी. "अवं, ते चिरंजीव काढ. मशीनले काय समजते तुझं चिरंजीव?" आता आपल्या हातानं पोरीच्या नावापुढचं चिरंजीव पुसायचं म्हणजे... पण पुसलं. यांनीच सांगितलं ना, मग यात माझं काय चुकलं?

आणि पुसल्याबरोबर तक्ता आला. वरची ओळ शनिवारच्या मॅचची, दुर्गच्या टीमसोबतची. मिनिटं नऊ, पॉइंट चार, पुढचे रकाने कोरे. मी म्हटलं, पूर्ण मॅच खेळणारी पोरगी नऊच मिनिटं कावून खेळली? मग कॅलेंडर पाहिलं. त्या दिवशी गुरुवार होता, शनिवार अजून यायचाच होता.

भर दुपार होती, कुकरची शिट्टी होत होती. मी बोटानं तक्ता वर सरकवला, खाली सरकवला. बाकीच्या ओळी सरकत होत्या. ती ओळ जागची हलली नाही.

यांना दाखवलं, तर हे म्हणतात, "एखाद्या बाबूनं आधीच भरून ठेवलं असन." हे स्वतः जन्मभर हापिसात बाबू. उद्याचं काम आज केलेला बाबू मी तर लग्न झाल्यापासून पाहिला नाही. अनूले फोन केला, "बेटा, शनिवारी नको खेळू." ती म्हणते, "आई, पागल हो गई क्या? त्याच दिवशी तर ते लोक पाहायले येणार आहेत." आणि ठेवला फोन.

मग काय करू? गेली महादेवाच्या देवळात. पिंडीवर हात ठेवून म्हटलं, देवा, सोळा सोमवार करते, पण माझ्या अनूच्या नावावरून ते नऊ मिनिटं काढ. पिंडी गरम होती. आता उन्हानं असन, कशानं असन... घरी येऊन पाहिलं तर ओळ नव्हती. मी आमच्या कोहक्याच्या अर्ध्या गल्लीले साखर वाटली.

शनिवारी संध्याकाळी अनूचाच फोन. "आई, पूर्ण मॅच खेळली. नाव लागलं माझं." मी हात जोडले. तर म्हणते, "पर एक बात बुरी हुई. दुर्गची एक पोरगी माझ्यासोबतच उडी मारून खाली आली, तिचा गुडघा गेला. उचलून नेलं."

"किती मिनिटं खेळली होती वं ती?"

अनू म्हणते, "दहा मिनिटांचा पहिला क्वार्टर संपायचाच होता. तू हे कावून विचारून राहिली?"

गुंजन नाव त्या पोरीचं. मी त्या टूलमध्ये लिहिलं गुंजन. मिनिटं नऊ. पॉइंट चार. पुढचे रकाने कोरे.

मी काढ म्हटलं होतं बायांनो. कुठं ठेव, हे मी कुठं सांगितलं होतं?

घरी पेढे आले. मले एकही गोड लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुर्गले बोरसीत गेली, गुंजनच्या घरी. तिची आई भागीरथाबाई, आपल्यातलीच, माझ्यासारखीच उपासाची. पोरगी पाय उशीवर ठेवून बसली होती, मलेच धीर देऊन राहिली, "काकू, घाबरू नका, डॉक्टर म्हणतात सहा महिन्यांत पळशील. रेल्वेचं पुढल्या वर्षी पाहू." मी तिच्या गुडघ्याले अंगारा लावला. सोळाच्या सोळा सोमवार तिच्या नावानं बोलली. निघताना भागीरथाबाई दारात म्हणते, "ताई, एक विचारू? गुरुवारी दुपारी गुंजनच्या तक्त्यात शनिवारची पूर्ण मॅच होती. संध्याकाळी पाहिलं तर नऊच मिनिटं. तुमच्याकडे काही..." मी चप्पल घातली, पण पट्टा लागता लागेना.

तेव्हापासून मॅच असली की मी दोन्ही टीमच्या दहाही पोरींची नावं लिहिते, प्रत्येकीच्या पुढं चिरंजीव लावून. ते म्हणते, असा खेळाडू सापडला नाही. मी म्हणते, नकोच सापडू. पुढची लिहिते. सापडला नाही. पुढची. सापडला नाही... हे म्हणतात, "मग तुले स्कोअर कसा कळन?" म्हटलं, पहिले कळत होता तसाच. फोन करून विचारते, जेवली का, गुडघा दुखून राहिला का. दहाही जणींले.

तर काल अनू चिडून म्हणते, "आई, कम से कम दूसरी टीम वालों को तो मत पूछ."

आता यात माझं काय चुकलं?