हत्तीसमोर हसल्याबाबत

दि. १८/०२/२०२५

जबाब देणार : बेबाबाई सुकलाल महाजन, वय ५७, धंदा मजुरी (दिल्लीला जाणारे केळीचे घड धुणे व खोक्यात भरणे), रा. माळीवाडा, धरणगाव, जि. जळगाव.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, माझे दीर वना यांनी मी बेपत्ता असल्याचा अर्ज दिला आहे. माझी मुलगी पुनम हिने मला फूस लावून परदेशात नेले व माझे डोके ठिकाणावर नाही, असे त्यात आहे. हे साफ खोटे आहे. मी माझ्या पायांनी गेले. पासपोर्टच्या चौकशीला याच ठाण्याचे पोलीस घरी येऊन चहा पिऊन गेले होते.

माझे पती सुकलाल दि. ११/०६/२०२४ रोजी वारले. त्याआधी सहा वर्षे ते अंथरुणावर होते. त्यांचे सगळे मी केले. त्या काळात वना किती वेळा घरी आले, हे मला विचारलेले नाही, म्हणून सांगत नाही. आमच्यात वर्ष होईपर्यंत बाईने गाव सोडू नये, असे भाऊबंद म्हणतात. सात महिने मी घरात बसले. नंतर मला बसवेना.

पुनम सिंगापूरला दवाखान्यात नर्स आहे. दि. ०२/०२/२०२५ रोजी सुट्टी असल्याने सकाळी दहाच्या सुमारास ती मला तिथले प्राणिसंग्रहालय बघायला घेऊन गेली. हत्तीला देण्यासाठी टोपलीत केळी मिळतात. ती आम्ही घेतली. तीस वर्षांची सवय, मी टोपली खाली ठेवून डागी केळी वेगळी काढायला बसले. मागे माणसांची रांग लागली. पुनम म्हणाली, ‘‘आई, हा माल दिल्लीला नाही जायचा.’’ तेवढ्यात हत्तीने सोंड लांब करून मी काढलेली डागी केळीच आधी उचलली आणि सालासकट खाल्ली. मी हसले. पोट दुखेपर्यंत हसले. मला फार बरे वाटले.

तो फोटो पुनमने काढला. मोबाईलच्या स्टेटसला मी स्वतः ठेवला. त्याच दिवशी दुपारी वनाचा फोन आला. ते म्हणाले, ‘‘भाऊले जाईसन वरीस नई व्हयनं, आनि तू दात काढीसन फोटो काढी राहिनी?’’ मी म्हणाले, ‘‘हा, हासनू. मन्ही मर्जी.’’ व फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला. म्हणजे मी कुठे आहे हे माहीत असताना दिला, याची नोंद घ्यावी.

पुनमविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. तिला ठाण्यात बोलावू नये. बोलावल्यास मी सोबत येईन व दारात बसेन.

अर्जाला माझा जो फोटो लावला आहे, तो पती वारले त्या दिवशीचा आहे. त्यात मी ओळखू येत नाही. तो काढून हत्तीजवळचा लावावा.

जबाब लिहिणाऱ्या मॅडमनी ‘सदर महिला मिळून आली’ असे लिहिले होते. मी हरवलेच नव्हते, म्हणून ते खोडून ‘परत आली’ करून घेतले.

मॅडमनी जबाब मोठ्याने वाचला. ‘मी हसले’ हे वाक्य गाळले होते. ते घालायला लावून पुन्हा वाचून घेतला. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही : बेबाबाई सुकलाल महाजन