मी फक्त बाजू विचारली होती

...नाही, तुम्हीच सांगा, पत्रकारानं दुसरी बाजू विचारायची नाही का? जन्म गेला माझा इंदौरच्या पेपरांत, कोणाची अब्रू काढायची तर आधी त्याला फोन लावायचा, ‘भिया, तुमचं काय म्हणणं?’ हा आमचा धर्म! तर विद्यापीठात जागा निघाल्या, क्लार्कपासून प्रोफेसरपर्यंत, अन् गावभर बोंब की सगळ्या आधीच वाटून झाल्या. मी लावला कुलसचिवांना फोन. आमच्या लेकीनं, संहितानंही इतिहासाच्या जागेसाठी अर्ज केला होता... हो, ठाऊक होतं मला! म्हणूनच तर जरा जास्त कडक आवाजात विचारलं, ‘काय साहेब, इतिहासाची जागा पण ठरलीय म्हणे?’ फक्त बाजू विचारली हो!

तो काय म्हणतो? ‘अरे अप्पासाहेब, आपने फोन किया, बस! समझ गए. बिटिया का नाम देख लिया है.’

‘अहो, मुलीचा काही संबंध नाही!’

‘बिल्कुल नी है सर, बिल्कुल नी है!’ ...अन् असा हसला! मी जितकं नाही म्हणावं तितकं त्याचं पक्कं होत गेलं! आता बातमी छापावी तर दबाव, न छापावी तर सौदा... नाही छापली. काय करता?

पोरगी बिचारी मोडी कागद वाचून वाचून डोळे लाल करून मुलाखतीला गेली, अन् राजेंद्र नगरला घरी परत आली ती रडवेली. ‘बाबा, एक प्रश्न नाही विचारला हो मला! पापा कैसे हैं, चाय लेंगी... बस!’ अन् सिलेक्शन! आमच्या सौ. मधुवंतीबाई धावत जाऊन जलेबी घेऊन आल्या. संहितानं हात नाही लावला. ‘बाबा, तुम्ही फोन केला होता?’

‘अगं, मी फक्त बाजू विचारली...’

‘मला खरंच येतं हो सगळं. आता कोणाला पटणार?’

काय सांगू तुम्हाला... मंत्र्यांशी नजर भिडवली आयुष्यभर, त्या दिवशी जलेबीकडे बघत बसलो!

बरं, इथंच संपावं ना? दुसऱ्या दिवशी ऑफिसात सिमरोल गावचा एक मुलगा हजर, देवांश. त्याच इतिहासाच्या जागेसाठी मुलाखत दिली होती त्यानं. ‘अप्पासाहेब, घपला हो गया! किसी पत्रकार की लड़की को ले लिया. आपके सिवा कौन छापेगा?’ मला सगळे अप्पासाहेबच म्हणतात, आडनाव कोणाला ठाऊक! वर मलाच शिकवतो, ‘उस पत्रकार से भी पूछ लेना सर, आप तो दोनों साइड लेते हो.’

‘विचारलं,’ मी म्हटलं.

‘क्या बोला? ऐसे लोग तो कुछ बोलते ही नी हैं!’

बोलतो रे बाबा. भेटेल त्याला धरून सांगत सुटलाय... फक्त बाजू विचारली होती म्हणून. अन् समोरचे सगळे, आत्ता तुम्ही हलवताय ना, अगदी तश्शीच मान हलवतात... ‘समझ गए, अप्पासाहेब!’