नव्व्याण्णव रुपयांचा माणूस

...आन वरून मलाच इचारतंय, तुम्ही माणूस हाव का! आता बोला! एकसष्ट वर्षं ह्या शिरूर अनंतपाळात ग्यानोबा म्हणून फिरून राहिलो, मतदान केलं, लगीन केलं, मूळव्याधीचं ऑपरेशन केलं... कुणी इचारलं न्हाई! अन् ह्यो फोनमधला अ‍ॅप म्हणतो, माणूस असाल तर वर्षाला नव्व्याण्णव रुपये भरा! माणूस असायची बी फी?

तुम्हाला सांगतो, तडक ऑनलाइनवाल्या रेवणसिद्धाकडं गेलो. म्हणलं, काय भानगड हाय रे? तो मान वर न करता म्हणतो, "मामा, बॉट लई वाढलेत, म्हणून फी लावली." मी आपला हाताकडं बघतो! म्हणलं, "बाबा, माझी जन्मापासून धाच हायत, त्यातलं एक कडबाकुट्टीच्या मशीनीत अर्धं गेलं, म्हणजे उलट कमीच झाली. सूट मिळंल का?" हसला की लेकाचा पोट धरून! "बोट न्हाई मामा, बॉट! खोटा माणूस! मशीनच आपोआप लिहितंय, आपोआप हात जोडतंय. फुकट हाय तवर हजारानं येतंय, पैसे म्हणलं की पळतंय." म्हणलं, अरे, पैसे म्हणलं की खरा माणूस बी पळतोय की! गणपतीची वर्गणी मागून बघ एकदा! माणूस असायची बी फी!

तसं मला त्या अ‍ॅपचं काय कौतुक? बंदच करणार होतो. पण माझा धाकटा भाऊ, पिराजी... लातूरला डाळमिलात मुकादम हाय. चार वर्षं झाली, आम्ही बोलत न्हाव. कामून? तर माझ्या पोरीच्या, राजकन्याच्या साखरपुड्यात त्याला टॉवेल-टोपी द्यायची राहिली! एक टोपी कमी आणली हो मी, मोजायला चुकलो! "दादा, पाव्हण्यांच्या ड्रायव्हरला टोपी, अन् मी सख्खा चुलता उघड्या डोक्यानं?" म्हणला, अन् भरल्या ताटावरून उठून गेला.

तवापास्नं फोन न्हाई, येणं न्हाई. फक्त रोज सकाळी सहाला त्या अ‍ॅपवर, आमच्या भावकीच्या ग्रुपात, माझा "राम राम मंडळी", अन् सहा वाजून एक मिनिटाला पिराजीचे दोन जोडलेले हात. बस, तेवढंच. पण ते हात दिसल्याबिगर मला चहा गोड लागत नव्हता, खोटं कशाला बोलू?

म्हणून भरले! नव्व्याण्णव! रेवणसिद्ध पावती देऊन म्हणतो, "मामा, आता तुम्ही खरे माणूस." आमची तुळजाबाई पावती बघून काय म्हणावी? "एवढ्यात माणूस व्हत असता, तर मी लग्नातच भरले असते की!"

दुसऱ्या दिशी सहाला बघतो, तर माझा राम रामच न्हाई! अ‍ॅप म्हणतो, रोज त्याच मिनिटाला तोच राम राम, हे बॉटाचं काम, बंद केलंय... आता तुमच्यापासून काय लपवायचं? तो राम राम मी टाकतच नव्हतो. राजकन्यानं फोनला लावून दिलेला, आपोआप जायचा. मी थोरला, मी कामून आधी राम राम करू? फोनच आपोआप करतोय तर करू द्या, माझा मान राहतो!

बरं, माझा गेला, पिराजीचे हात तरी? ते बी न्हाईत! चहा तसाच ठेवला बघा. तुळजाबाईनं जावंला फोन लावला, कावेरीबाईला. ह्या दोघी रोज बोलतात बरं का, भांडण आम्हालाच! ऐकून घेतलं अन् कपाळाला हात लावून म्हणती, "अवो, भावजींचे हात बी राजकन्यानंच लावून दिले व्हते! ते बी आपोआप, म्हणून ते बी बंद! अन् भावजींनी बी परवा नव्व्याण्णव भरलेत!"

म्हणजे बघा! चार वर्षं आम्ही दोघं भाऊ तोंड फिरवून बसलो, अन् माझा बॉट अन् त्याचा बॉट न चुकता राम राम घालून राहिले! त्यांच्यात टोपीची भानगडच नव्हती ना!

आता दोघं बी फी भरून खरी माणसं झालो. आठ दिवस झाले, सकाळी सहाला फोन घेऊन बसतो. "राम राम पिराजी" लिहून ठेवलंय. कपाटात टॉवेल-टोपी बी आणून ठेवलीय. तिकडं तो बी तसाच फोन घेऊन बसतो म्हणं, कावेरीबाई सांगती. तुळजाबाई म्हणती, "अवो, दाबा की ते बटन!"

काय दाबा? बॉटाला चार वर्षं जमलं हो... बोटाला जमंना.