हरणीची मानाची फेरी

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय नानासाहेब, व्यासपीठावरची सन्माननीय मंडळी, ज्यांना आपण आज श्वान-शर्यत मंडळाच्या सचिवपदावरून निरोप देतोय ते काकासाहेब, आणि औरंगपुऱ्याच्या गर्दीतून वाट काढत इथवर आलेल्या बंधूंनो, भगिनींनो,

मी वच्छलाबाई, फर्दापूरची. हार घालून व्यासपीठावर बसवलेली ही कुत्री, हरणी, माझ्या घरची. मला शाल दिली, नारळ दिला आणि सांगितलं, कारवानी कुत्र्याचा इतिहास अन् गुण यावर चार शब्द बोला. बोलते.

जुनी माणसं सांगायची, ही जात काफिल्यांबरोबर दख्खनेत आली. जहागीरदारांनी शिकारीसाठी पाळली. पोलीस ॲक्शन झाली, जहागिरी गेल्या, अन् मटणावर वाढलेली कुत्री उकिरडे हुंगत फिरू लागली. त्यातली एक मादी आमच्या सासऱ्यांनी गारखेड्यातून घरी नेली. हरणी तिच्याच वंशातली. आमच्या घरात पिल्लू विकत नाहीत. लेकीसारखी ओटी भरून देतात, अन् पाय थकले की माघारी आणतात. काकासाहेबांनी या अटीला व्हय म्हणूनच तिला नेलं होतं.

आता गुण. निमुळतं तोंड, खोल छाती, लांब पाय. हे तर फोटोतही दिसतं. न दिसणारं सांगते. ही जात दुखणं दाखवत नाही. आणि हिची शिकार नाकावर नसते, डोळ्यांवर असते. काही पळताना दिसलं की ही सुटलीच, मग पाय मोडो नाहीतर जीव जावो.

टाळ्या नकोत. मघाशी हिचा हार सारखा करायला वाकले, तर मागचा पाय गरम लागला. गुडघा हा एवढा सुजलाय. काकासाहेबांना विचारलं, हे काय? तर हसून म्हणाले, "वहिनी, लई मनावर घेऊ नका. सुई दिलीया, दुखत नाय तिला. माझ्या निरोपाची एक मानाची फेरी मारू द्या, मग न्या घरी."

काकासाहेब, स्पष्टच सांगते, मला किळस आली. ज्या हातानं सुई टोचली त्याच हातानं हार घातलात, अन् इथं प्रत्येक वक्ता तुम्हाला श्वानप्रेमी म्हणतोय! याला प्रेम म्हणतात का हो?

त्या उघड्या दारातून बघा. मैदानात फटफटीला कातडं बांधून माणूस उभा आहे. कातडं हललं की हरणी त्याच पायावर पळणार. तुमच्या मानासाठी नाय, डोळ्यांना दिसलं म्हणून. घ्या, किक मारली बघा त्यानं!

नानासाहेब, रागावू नका, तुम्ही मला पांघरवलेली शाल मी खांद्यावरून काढतेय. हरणे, थांब. डोकं दे इकडं. अशी.

झाकले तिचे डोळे. आता ती माझ्या हाताच्या आधारानं चालेल. नारळ टेबलावर ठेवलाय, शाल मात्र नेते. बोलावलंत, मान दिलात, मंडळाची आभारी आहे. पाहुणी म्हणून येऊन काही अधिक-उणं बोलले असेन, तर सभेनं पोटात घालावं.

काकासाहेब, हातातली साखळी सोडा.