कागदी सारस

जपानमधल्या निगाता शहरातल्या हाडांच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर एकाच कारखान्याच्या फुटबॉल संघातल्या दोघी बसल्या होत्या.

"मिओरीताई, काय म्हणाले डॉक्टर?"

"तीन आठवडे पळायचं नाही. पण सायो, तू हे कोचना सांगायचं नाहीस."

"शनिवारी राष्ट्रीय संघाचे निवडकर्ते येताहेत म्हणून?"

"एकोणतीसची आहे मी. पुन्हा नाही यायचे ते माझ्यासाठी. पट्टी बांधून काढीन नव्वद मिनिटं."

"आणि गुडघा गेला तर?"

"मग फॉरवर्डची जागा तुलाच. तोवर तोंड बंद ठेव."

"मी गप्पच आहे, ताई. पण कारखान्यात कळलंय. पॅकिंगच्या बायका परवापासून जेवणाच्या सुट्टीत कागदाचे सारस करताहेत."

"का? कोण आजारी आहे?"

"तुम्ही! सकाळच्या पाळीत लंगडताना दिसलात त्यांना. हजार झाले की माळ करून तुम्हाला देणार आहेत, बरं वाटावं म्हणून. सहाशे झालेसुद्धा."

"बाप रे! थांबव त्यांना. कोचनी बघितलं तर?"

"बघितलं."

"मग? काय म्हणाले?"

"खुर्ची ओढून बसले आणि कागदाला घड्या घालायला लागले."