न दाखवलेलं चित्र

समारंभाचे अध्यक्ष वॉर्डप्रमुख ख्यू साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती फान सर, आणि चियायी शहरातल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

सुरुवातीलाच एक विनंती. मोबाइल कृपया खिशात ठेवा. कारण शेवटी सांगते.

मी केस कापणारी बाई. आरशासमोर बडबडते, सभेसमोर नाही. सांभाळून घ्या.

माझी मुलगी यून-चिए हॉटेलातल्या नोकरीसाठी म्हणून परदेशी गेली आणि लोकांना फोनवरून फसवणाऱ्या टोळीने तिला कोंडून ठेवलं, हे तुम्ही जाणताच. एक दिवस तिचा व्हिडिओ आला. खिडकीतून बाहेर फिरवलेला फोन, काही क्षणांचाच. शेवटी चित्र हललं आणि संपलं. कोण आलं होतं खोलीत? अजून मी तिला विचारलेलं नाही.

फान सर व्हिडिओवरून जागा ओळखतात, असं कळलं. त्यांनी त्यातली एकेक चौकट सुटी केली आणि कडेला कड जुळवून एक लांबलचक चित्र जोडलं. व्हिडिओत एका वेळी जेमतेम पाण्याची टाकी दिसायची. जोडल्यावर टाकी, मनोरा, रस्त्याचं वळण आणि मागे डोंगरांची अख्खी रांग उभी राहिली. ती रांग नकाशांशी ताडत सर बसले. डोळे तेव्हाच अधू झाले त्यांचे. आता मुलाकडे राहायला निघालेत, तेही त्यामुळेच.

एका दुपारी म्हणाले, "लिआओबाई, जागा सापडली."

"मग टीव्हीवर द्या."

"नाही."

"तुमची मुलगी असती तर?"

"तरी नाही. इकडे या. ही टाकी मनोऱ्याला अर्धं झाकते ना? अशी ती एकाच खिडकीतून दिसते. मला कळलं, तसं त्या टोळीलाही कळेल. चित्र दाखवलं की आपणच तिच्या खिडकीवर बोट ठेवलं."

टीव्हीचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

चित्र फक्त पोलिसांकडे गेलं. फोन वाजला की भीती वाटायची, नाही वाजला की जास्त. सर रोज दुकानात यायचे. त्या टकलावर कापायचं काय? "कडा तेवढ्या नीट करा," म्हणायचे आणि बसून राहायचे.

मग टोळी काही मुलींना दुसरीकडे हलवत असताना, चित्रातल्या त्या वळणावर पोलिसांनी गाडी अडवली. यून-चिए आज इथे आहे, मागे, दाराजवळ. खिडकीशी ती बसत नाही.

संयोजकांनी हौसेने हा पडदा लावला होता, चित्र दाखवायला. सर नको म्हणाले. तो फोन यून-चिएचा नव्हता, तिच्या खोलीतल्या मुलीचा होता. ती गाडीत नव्हती. ती अजून त्या खिडकीशी आहे, पोलीस तिच्यापर्यंत पोचायचेत. टोळीला वाटतं, नाकाबंदी योगायोगाने झाली. तसंच वाटत राहू दे.

म्हणून हा पडदा कोराच राहील, आणि तुमचे मोबाइल खिशात. त्या मुलीचं नाव घेऊन आभार मानता येत नाहीत. सर, तिचे आभारही तुमच्यापाशीच ठेवते.

बोलण्यात काही उणं राहिलं असेल तर क्षमा करा. जास्त बोलले असेन, तर ते या दाराबाहेर नेऊ नका.